२२ जूनचं इस्पितळ

बंगळूरच्या के. आर. मार्केट मेट्रो स्थानकातून वर आलं की गर्दी दिसायच्या आधी मोगरा-शेवंतीचा वास येतो. मग गर्दी दिसते. फुलांच्या राशी, अबोलीच्या माळा (इथे तिला कनकांबर म्हणतात), शहाळ्यांच्या गाड्या, कलासिपाळ्याकडे वळणाऱ्या बसगाड्यांचे भोंगे. पाच-दहा मिनिटांच्या पायपिटीत शहराची साडेतीनशे-चारशे वर्षं समोर येतात. किल्ल्याचा उरलेला दिल्ली दरवाजा, कोटे वेंकटरमणाचं देऊळ, त्याच्या शेजारी टिपू सुलतानाचा लाकडी खांबांचा उन्हाळी महाल. याच किल्ल्याला इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिसच्या फौजेने १७९१च्या मार्चमध्ये खिंडार पाडलं. २०१२ साली मेट्रोसाठी खोदकाम चाललं होतं तेव्हा इथल्या मातीतून जुन्या तोफा निघाल्या. या सगळ्याला लागूनच लहान-मोठ्या सरकारी रुग्णालयांचं एक आवार आहे. त्यातलं सगळ्यांत गजबजलेलं नाव म्हणजे व्हिक्टोरिया हॉस्पिटल. रिक्षावाल्याला ‘विक्टोरिया आस्पत्रे’ एवढं म्हटलं तरी पुरतं.

मी तिथे गेलो तो एका तारखेच्या ओढीने. या रुग्णालयाची कोनशिला बसवली गेली २२ जून १८९७ रोजी.

ही तारीख वाचून मराठी माणूस पुढे सरकूच शकत नाही. शाळेच्या पुस्तकातून आणि पुढे १९७९च्या चित्रपटाच्या नावातूनही ती आपल्या डोक्यात पक्की बसलेली आहे. राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाला साठ वर्षं झाली म्हणून त्या दिवशी साम्राज्यभर हीरकमहोत्सव चालू होता. पुण्यात गणेशखिंडीतल्या गव्हर्न्मेंट हाउसात मेजवानी झाली, आतषबाजी झाली. रात्री पाहुणे परतत असताना दामोदर चापेकरांनी प्लेग कमिशनर रँडवर गोळी झाडली. बाळकृष्ण चापेकरांच्या गोळीने लेफ्टनंट आयर्स्ट जागीच गेला. रँडला ससून रुग्णालयात नेलं. तिथे तो ३ जुलैला मेला.

एकाच उत्सवाच्या एकाच दिवशी पुण्यात पिस्तुलाचा बार झाला आणि बंगळुरात रुग्णालयाची कोनशिला बसली. या योगायोगाला मी फार मोठा अर्थ चिकटवणार नाही. पण तारखेचा धागा धरून शिरलं की आत प्लेग भेटतो, राणी भेटते आणि वाटेत एक पाटणकरही भेटतो. शेवटी मात्र आपण एका खिडकीपाशी येऊन थांबतो. या इमारतीबद्दल मला जे म्हणायचं आहे ते त्या खिडकीतच आहे.

महाराणी

ज्यांच्या हातून ही पायाभरणी झाली त्या राज्यकर्त्या होत्या आणि विधवा होत्या. केंपनंजम्मण्णी वाणीविलास सन्निधान या म्हैसूरच्या महाराणी. पती चामराजेंद्र वडियार डिसेंबर १८९४मध्ये कलकत्त्याला गेले असताना घटसर्पाने दगावले. वय अवघं एकतीस. थोरला मुलगा कृष्णराज तेव्हा दहा वर्षांचा होता. मुलगा सज्ञान होईपर्यंत, म्हणजे १९०२पर्यंत, राज्याचा कारभार या बाईंच्या नावाने चालला. दिवाणपदावर शेषाद्री अय्यर होते.

पायाभरणीच्या चारच महिने आधी, फेब्रुवारी १८९७मध्ये, राजकन्येच्या लग्नसमारंभात म्हैसूरचा जुना लाकडी राजवाडा जळून गेला होता. ज्या घरात एका माणसाला घटसर्पाने नेलं आणि डोक्यावरचं छप्पर आगीने नेलं, त्या घरातल्या बाईने रुग्णालयाचा दगड बसवला. दगडावर नाव मात्र सातासमुद्रापलीकडच्या दुसऱ्या एका विधवा राणीचं. संस्थानांना अशा खुशामतीची सवय होतीच. पण खुशामत करायचीच तर पुतळाही उभारता आला असता. पुतळा पुढे उभारलाही गेला. कब्बन पार्कमधल्या व्हिक्टोरियाच्या पुतळ्याचं अनावरण १९०६ साली झालं. तो आजही उभा आहे आणि कुणाच्या उपयोगाचा नाही. रुग्णालय त्याच्या आधी झालं ही म्हैसूर दरबाराच्या जमेची बाजू.

पाहुणा रेल्वेने आला

इमारत उभी राहत होती आणि जिच्या नुसत्या नावाने माणसं गाव सोडत ती साथ वाटेवर होती. १८९६च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवीत प्लेग उघड झाला. जीवाणूशास्त्रज्ञ हाफकिनने १८९७च्या जानेवारीत भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात आपली प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली. पुण्यात रँडची राजवट आली आणि गेली. दामोदरपंत एप्रिल १८९८मध्ये फासावर चढले. चारच महिन्यांनी, ऑगस्टमध्ये, हुबळीकडून रेल्वेच्या वाटेने प्लेग बंगळुरात उतरला.

तेव्हाचं बंगळूर म्हणजे दोन गावं. एक ‘पेटे’, म्हणजे केंपेगौडाने वसवलेली जुनी पेठ: चिक्कपेटे, बळेपेटे, अरळेपेटे, अरुंद बोळ, मातीच्या भिंती, खिडक्यांशिवायच्या खोल्या, दारात गुरं. दुसरं गाव कँटोन्मेंटचं, इंग्रजी छावणीचं, वेगळ्या कारभाराखालचं. पेठ म्हैसूर सरकारची आणि छावणी थेट इंग्रजांची. दोघांच्या मध्ये मैदानं आणि बागा. उंदरांना आणि पिसवांना ही हद्द ठाऊक नव्हती. पेठेतल्या अंधाऱ्या घरांत प्लेग पसरला आणि माणसांनी घरं सोडून माळावर झोपड्या टाकल्या. त्याच दिवसांत बंगळुरात ‘प्लेगम्मा’ नावाची देवी उभी राहिली. तिची देवळं आजही आहेत.

रँडचं पुण्यात काय झालं हे देशभर ठाऊक झालं होतं. म्हैसूर सरकारने प्लेग कमिशनर म्हणून नेमला तो आपलाच अधिकारी: व्ही. पी. माधव राव. त्यांचं पूर्ण नाव विश्वनाथ पाटणकर माधव राव. कुंभकोणमचे, तंजावरी मराठी घराण्यातले.

इथे क्षणभर मागे जायला हवं. १६३८मध्ये विजापूरकरांनी बंगळूर जिंकलं आणि ते शहाजीराजांच्या जहागिरीत आलं. शिवाजीराजांच्या बालपणीचा काही काळ इथे गेला. पुढे व्यंकोजीराजे बंगळुरातूनच तंजावरावर गेले आणि कावेरीकाठी मराठी राज्य उभं राहिलं. त्या राज्याच्या आश्रयाने मराठी बोलणारी कारकुनी आणि कारभारी घराणी दक्षिणेत रुजली. अशाच एका घराण्यातला माणूस सव्वादोनशे वर्षांनी, जहागीरदार म्हणून नव्हे तर प्लेग कमिशनर म्हणून, बंगळुरात आला. पुण्याचा प्लेग कमिशनर इंग्रज होता आणि बंगळूरचा मराठी. हे वाक्य आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत सापडत नाही. सापडायला हवं.

माधवरावांच्या कारकिर्दीला कुणी सौम्य म्हणेल असं नाही. सक्तीचं विलगीकरण म्हैसूर संस्थानातही होतं आणि श्रीरंगपट्टणजवळच्या गंजामला त्यावरून दंगलही झाली. तरी बंगळुरात रँड झाला नाही. माधवराव पुढे म्हैसूरचे दिवाण झाले. त्रावणकोर आणि बडोद्याचंही दिवाणपद त्यांनी भूषवलं.

त्याच साथीत आणखी एक माणूस राबत होता: डॉ. पद्मनाभन पल्पू. केरळातल्या एळवा समाजातले. मद्रासहून वैद्यकीची पदवी घेऊनही त्रावणकोर सरकारने जातीमुळे नोकरी नाकारली, म्हणून ते म्हैसूरच्या चाकरीत आले. घरच्या राज्याने दाराबाहेर ठेवलेला हा डॉक्टर बंगळूरच्या प्लेग छावणीत रोगी आणि प्रेतं यांच्या मधोमध उभा होता.

साथीने बंगळुराचा आराखडाच बदलला. मल्लेश्वरम आणि बसवनगुडी या नव्या वसाहतींची आखणी आधीच सुरू झाली होती, साथीने त्यांना वेग दिला. सरळ रुंद रस्ते, घरांमध्ये मोकळी जागा, मागच्या बाजूला सफाईसाठी वेगळी गल्ली. आज ज्याला आपण ‘जुनं, निवांत बंगळूर’ म्हणून हळहळतो ते प्लेगच्या भीतीने वाढवलेलं आहे. घरांत हवा खेळली पाहिजे, हा त्या आखणीमागचा ध्यास होता. किल्ल्याशेजारी उभी राहत असलेली रुग्णालयाची इमारत हाच ध्यास दगडचुन्यात मांडत होती.

पॅरिसची फणी, शिवाजीनगरात

ती इमारत समजून घ्यायची तर आधी शहराच्या दुसऱ्या टोकाला जावं लागतं. त्या वस्तीचं नाव शिवाजीनगर. पुणेकराला गंमत वाटेल, पण बंगळूरचं शिवाजीनगर म्हणजे जुन्या छावणीतली ब्लॅकपल्ली. इथे सेंट मेरी बॅसिलिकेपासून जवळच बोअरिंग आणि लेडी कर्झन हॉस्पिटल आहे. १८६२ ते १८७० या काळात म्हैसूरचा कमिशनर असलेल्या लेविन बोअरिंगचं नाव त्याला मिळालं. ते १८६८ साली सुरू झालं आणि त्याचा आराखडा पॅरिसच्या लारिबुआझिएर रुग्णालयावरून घेतला होता.

१८३२ साली पॅरिसमध्ये पटकीने हजारो माणसं मेली. त्यानंतर मोठं नवं रुग्णालय बांधायचं ठरलं. ते, म्हणजेच लारिबुआझिएर, १८५४ साली पुरं झालं. मधोमध लांबट चौक आणि त्याच्या दोन्ही बाजूंना फणीच्या दात्यांसारख्या सुट्या सुट्या इमारती. प्रत्येक दाता म्हणजे एक वॉर्ड. दोन दात्यांमध्ये मोकळी जागा, म्हणजे एका वॉर्डातली हवा दुसऱ्यात जाऊ नये. फ्लॉरेन्स नाइटिंगेलने रुग्णालयांवरच्या आपल्या पुस्तकात या आराखड्याची दखल घेतली आणि वॉर्ड कसा असावा याचे नियम मांडले. लांबट, अरुंद, उंच छताचा. दोन्ही लांब भिंतींना समोरासमोर खिडक्या. दर दोन खाटांमागे निदान एक खिडकी. संडास आणि मोऱ्या वॉर्डाच्या टोकाला, अलग.

हे नियम ज्या समजुतीवर उभे होते ती समजूत चुकीची होती. कुजकट, दूषित हवेतून रोग होतात, असं तेव्हाचं शास्त्र मानत असे. नाइटिंगेलबाईंना जंतूंचा सिद्धांत बरीच वर्षं पटला नव्हता. कॉखने क्षयाचा जंतू १८८२ साली दाखवला, येर्सिनने प्लेगचा १८९४ साली. म्हणजे व्हिक्टोरियाची कोनशिला बसली तेव्हा प्रयोगशाळेत सिद्धांत बदलला होता. गवंड्याच्या हातातला नकाशा मात्र जुनाच होता. सुदैवाने.

व्हरांडा, झडप, कोबा

व्हिक्टोरिया हॉस्पिटल गॉथिक नाही. ज्यांच्या डोळ्यांपुढे पुण्याचं ससून आहे, टोकदार छपरांचं आणि मनोऱ्याचं, त्यांना इथे वेगळी चाल दिसेल. लांबच लांब पसरलेलं दुमजली शरीर, मधे पुढे आलेला प्रवेशाचा भाग, दोन्ही बाजूंना पंख, कमानींमागे धरलेली सावली. युरोपातल्या अभिजात शैलीची भाषा, पण उच्चार दख्खनचा. तो उच्चार समजतो व्हरांड्यात.

व्हरांडा हा शोभेचा भाग नाही, तो यंत्राचा भाग आहे. बंगळूर समुद्रसपाटीपासून सुमारे नऊशे वीस मीटर उंचीवर आहे. ऊन कडक पण सावली थंड. बाहेरच्या कमानींतून आलेली हवा व्हरांड्याच्या सावलीत निवते आणि मग आतल्या खिडकीतून वॉर्डात शिरते. आत माणसांच्या श्वासाने, अंगाने तापलेली हवा हलकी होऊन वर जाते. छत उंच असल्यामुळे ती रोग्याच्या नाकाशी रेंगाळत नाही. वरच्या झडपेतून निघून जाते. विजेचा पंखा न लावता चालणारी ही पंपाची युक्ती. या पिढीच्या बंगळुरी इमारतींत झडपेला दोरी असते. खाली उभं राहून दोरी ओढली की तावदान आडवं होतं आणि सोडली की मिटतं. खाली दोन पाखांची खिडकी, वर झडप. एक हवा घेते, दुसरी सोडते. आपल्या आजीच्या घरातला सवणा याच जातीचा.

आणि डोक्यावर असे मद्रास टेरेस. दक्षिणेतल्या सरकारी इमारतींच्या सपाट छपराची ही त्या काळची रीत. ती एकदा नीट समजून घेण्यासारखी आहे. भिंतींवर दीड-दोन फुटांच्या अंतराने सागवानी तुळया टाकायच्या. त्यांच्यावर पातळ, लहान विटा उभ्या कडेवर, तिरक्या रांगांत, चुन्यात बसवत जायच्या. खाली फळ्यांचा आधार लागत नाही, एक रांग दुसरीला धरून ठेवते. त्यावर विटांचे तुकडे आणि चुना यांचा जाड थर. आपले गवंडी ज्याला कोबा म्हणतात तो हाच. बायका ओळीने बसून लाकडी थाप्यांनी तो दिवसचे दिवस बडवत, मधून मधून हिरडा आणि गूळ घातलेलं पाणी शिंपडत. थापी उसळून परत येऊ लागली की कोबा झाला असं समजायचं. वर मातीच्या चपट्या फरशांचे थर. असं छप्पर उन्हात खोली तापू देत नाही. मात्र वर पिंपळाचं एखादं रोप दुर्लक्षित राहिलं की चुना फुटतो, पाणी मुरतं, तुळई कुजते आणि एके दिवशी ‘इमारत धोकादायक’ असा कागद भिंतीवर लागतो. जुन्या इमारती म्हातारपणाने क्वचितच पडतात. बहुतेक पावसाळ्याआधी गच्ची न झाडल्याने पडतात.

कर्झन आला, वीज नंतर आली

८ डिसेंबर १९०० रोजी व्हाइसरॉय लॉर्ड कर्झनने रुग्णालयाचं उद्घाटन केलं. सुरुवातीला १४० खाटा. पुढच्याच महिन्यात, जानेवारी १९०१मध्ये, जिच्या नावाची ही इमारत ती राणी वारली.

उद्घाटनाच्या दिवशी या इमारतीत काय नव्हतं ते आठवलं की तिची रचना जास्त कळते. वीज नव्हती. शिवनसमुद्रच्या धबधब्यावरची वीज १९०२ साली कोलारच्या सोन्याच्या खाणींना मिळाली आणि बंगळूरच्या रस्त्यावर दिवे लागले ते ऑगस्ट १९०५मध्ये. प्रतिजैविकं चाळीस-पंचेचाळीस वर्षं दूर होती. नळाचं पाणी मात्र होतं. हेसरघट्ट्याच्या तलावातून शहराला नळाने पाणी येऊन थोडीच वर्षं झाली होती. म्हणजे डॉक्टरच्या हाताशी औषधं होती मोजकी. बाकी होता उजेड, पाणी, हवा आणि सेवा. यातल्या उजेडाची आणि हवेची तजवीज इमारत स्वतः करत होती. त्या अर्थाने भिंतीही औषधपेटीतल्याच.

मग या आवाराला फांद्या फुटत गेल्या. डोळ्यांचं मिंटो रुग्णालय १८९६पासून लहान प्रमाणावर चालू होतं. ते १९१३ साली जवळच नव्या इमारतीत आलं. बायकामुलांसाठीचं वाणीविलास रुग्णालय १९३५मध्ये उघडलं. पायाभरणी करणाऱ्या महाराणी १९३४मध्ये वारल्या होत्या. दगडावर परकी राणी होती, शेजारच्या दारावर अखेर त्यांचं स्वतःचं नाव आलं. १९५५ साली बंगळूर मेडिकल कॉलेज निघालं. ते काढणाऱ्यांमध्ये डॉ. शिवराम होते. कन्नड वाचक त्यांना ‘रा. शि.’ या नावाने, विनोदी लेखक आणि ‘कोरवंजी’ या विनोदी मासिकाचे संपादक म्हणून ओळखतात. या कॉलेजचे विद्यार्थी तेव्हापासून व्हिक्टोरियाच्या वॉर्डात शिकत आले आहेत. १४० खाटांचं रुग्णालय हजारावर गेलं. मूळ इमारतीभोवती सिमेंटच्या उंच इमारती उठल्या. कर्नाटकभरातून आणि शेजारच्या राज्यांतूनही माणसं येतात, कारण दुसरीकडचा खर्च परवडत नाही.

“इथं वारं येतंय”

मी गेलो तेव्हा व्हरांड्याला धर्मशाळेचं रूप आलेलं होतं. प्लॅस्टिकच्या चटया, स्टीलचे डबे, पाण्याच्या बाटल्या, उशाला घेतलेल्या एक्स-रेच्या पिशव्या. कन्नड, तमिळ, तेलुगू, दखनी उर्दू. त्या गलक्यात कानावर मराठी पडलं. हेल बिदरकडचा. भालकीकडून आलेल्या एक बाई सुनेला डबा वाढत होत्या, मुलगा आत होता. मी मराठीत विचारलं तसं त्या मोकळ्या बोलू लागल्या. नव्या इमारतीत नातेवाइकांसाठी जागा आहे ना, मग इथे का बसलात?

“तिकडं गुदमरतंय दादा. इथं वारं येतंय बगा.”

एका वाक्यात त्यांनी नाइटिंगेलबाईंचं सगळं पुस्तक सांगून टाकलं.

त्यांच्या तोंडी ‘दवाखाना’ होता. कन्नडमध्येही उत्तरेकडे ‘दवाखाने’ म्हणतात आणि बंगळुरात ‘आस्पत्रे’. आपलं ‘इस्पितळ’ पोर्तुगीजांकडून आलं. फारसी, पोर्तुगीज, इंग्रजी, तिन्हींचे शब्द आपण रोगासारखे पटकन घेतले आणि औषधासारखे मुरवले. व्हिक्टोरिया हे नावही तसंच मुरलं आहे. मुंबईत राणीच्या बागेला जिजामातांचं नाव मिळालं, व्ही. टी.चं छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस झालं. बंगळुरात हे नाव अजून टिकून आहे. ते बदलावं की राहावं यावर मला मत द्यायचं नाही. व्हरांड्यातल्या त्या बाईंना नावाशी देणंघेणं नव्हतं, वाऱ्याशी होतं.

आणि वाऱ्याची गोष्ट आता शास्त्राच्या बाजूनेही सांगता येते. २००७ साली पेरूची राजधानी लिमा इथल्या रुग्णालयांत मोजमापं घेऊन एक अभ्यास प्रसिद्ध झाला. पन्नास वर्षांहून जुन्या, उंच छतांच्या आणि मोठ्या खिडक्यांच्या इमारतींत खिडक्या-दारं उघडी ठेवली तर तासाला चाळीस वेळा हवा बदलत होती. नव्या, नैसर्गिक वायुवीजनाच्या खोल्यांत सतरा वेळा. यंत्राने हवा खेळवणाऱ्या विलगीकरण कक्षांसाठी शिफारस होती बारा वेळांची. उपचार न झालेल्या क्षयरोग्यासोबत चोवीस तास काढणाऱ्यांपैकी किती जणांना लागण होईल याचाही अंदाज काढला. यंत्राच्या खोलीत शंभरात ३९, नव्या खिडकीवाल्या खोलीत ३३, जुन्या इमारतीत ११. दोनच वर्षांनी, २००९मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेने रुग्णालयांतल्या नैसर्गिक वायुवीजनावर मार्गदर्शक तत्त्वं काढली.

म्हणजे चुकीच्या सिद्धांतावरून माणसं बरोबर खिडकीपाशी पोचली होती. पटकी पाण्यातून पसरते, प्लेग पिसवांतून. त्यांना खिडकीने फारसा अटकाव झाला नसेल. पण क्षय, गोवर, फ्लू हवेतून जातात आणि तिथे ही जुनी इमारत आजच्या काचबंद इमारतीला शिकवू शकते. २०२० साली करोना आला तेव्हा बंगळुरात करोना रुग्णांसाठी राखून ठेवलेलं पहिलं मोठं सरकारी ठिकाण म्हणजे हेच आवार. प्लेगच्या सावलीत बांधलेल्या जागेवर सव्वाशे वर्षांनी पुन्हा साथीचा भार आला आणि जगभरचे डॉक्टर सांगू लागले, खिडक्या उघडा.

व्हरांड्यातून फिरताना मी मान वर करून झडपा पाहत होतो. कुठे तावदानावर रंगाचे इतके थर की ती हलेल अशी आशा नको. कुठे वातानुकूलनाचं धूड टेकवायला जागा हवी म्हणून झरोका बुजवलेला. कुठे कमानीत काच बसवून खोली काढलेली. यात कुणाचा दुष्टपणा नाही. खाटा वाढल्या, यंत्रं आली, जागा पुरेना, जो तो आपल्या परीने सोय करत गेला. पण इमारतीचं आयुष्य अशा सोयींनीच कमी होतं. बाहेरून दर्शनी भाग रंगवलेला, आणि आत तिची फुप्फुसं बंद.

जतन म्हटलं की आपल्याकडे दर्शनी भागाचं जतन. मुंबईला वारसा इमारतींसाठी १९९५ साली नियम मिळाले, ते देशातले पहिले. बंगळुरात २०१७ साली लालबागेतला क्रुंबिगल हॉल, ज्याच्या भिंती बरीच वर्षं दुरुस्तीची वाट पाहत होत्या, एका दिवसात पाडला गेला. तिथल्या वारसाप्रेमींना ती सल अजून आहे. पण क्रुंबिगल हॉल रिकामा होता. वापरातल्या रुग्णालयाचं जतन हा वेगळा आणि अवघड प्रश्न आहे. इथे संग्रहालय करता येणार नाही, करूही नये. त्यातल्या खाटा रिकाम्या करणं म्हणजे भालकीच्या त्या बाईला बाहेर काढणं. इथलं जतन म्हणजे गच्चीवरचं पिंपळाचं रोप पावसाआधी उपटणं, चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा न चढवणं, कारण चुन्याची भिंत श्वास घेते आणि सिमेंट तो कोंडतं, आणि झडपेची दोरी बदलणं. यातल्या कशालाही कोट्यवधी रुपये लागत नाहीत. कोनशिला लागत नाही, व्हाइसरॉयही लागत नाही.

संध्याकाळी निघालो तेव्हा मार्केटमध्ये फुलांचा दुसरा बाजार भरत होता. मनात पुन्हा ती तारीख आली. २२ जून १८९७ला पुण्यात जे झालं त्याचं स्मारक आपण जपतो आणि ते जपलंच पाहिजे. त्याच दिवशी बंगळुरात जे बसवलं गेलं तिथे आजही रोज सकाळी केसपेपरसाठी रांग लागते.

ही रांग फक्त बंगळुरात नाही. पुण्याचं ससून, मुंबईचं जे. जे., कामा, सेंट जॉर्ज, आणि जिल्ह्याजिल्ह्यांतली दगडी सिव्हिल हॉस्पिटलं याच काळातल्या विचाराची भावंडं आहेत. तुमच्यापैकी अनेकांचा जन्म यांतल्या एखाद्या छताखाली झाला असेल. पुढच्या वेळी कुणाला भेटायला तिथे गेलात तर नावाची पाटी आणि मनोरा पाहून झाल्यावर एकदा मान वर करून झडप पाहा. ती मिटलेली असेल तर सिस्टरांना किंवा वॉर्डबॉयला विचारा, ही उघडते का. उघडत नसेल तर अधीक्षकांच्या नावे चार ओळींचा अर्ज लिहा आणि पोच घ्या.